सोळा पानांच्या हिशेबात भूत

माझं लोणारला झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज, बचत गटाचे ठराव, तेरवीची पत्रकं असं सगळं टाइप करून देते. काम होईपर्यंत गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, आणि बसलेलं गिऱ्हाईक बोलतं. लाइट गेली की जास्तच बोलतं. माझ्या भयकथांच्या पुस्तकातल्या निम्म्या गोष्टी त्या स्टुलावरून आल्या, निम्म्या मी रचल्या. कोणत्या निम्म्या कुठून आल्या, हे मी कुणालाच सांगत नाही.

आमच्या गावात अशा गोष्टीला निमित्त लागत नाही. गावच एका राक्षसाच्या बिळाकाठी वसलेलं. लवणासुर जमिनीखाली दडून बसला होता, त्याचा ठावठिकाणा कुणाला लागेना. मग विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं, दैत्याच्या बहिणींना भुलवून जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. उरलेला खड्डा म्हणजे आमचं सरोवर, त्यातलं पाणी म्हणजे दैत्याचं रक्त. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ याच कथेतलं. लहानपणी मला राक्षसाचं भय वाटायचं. लिहायला लागल्यावर कळलं की या कथेतली खरी भीतीची जागा बहिणी आहेत. ठिकाण घरातूनच फुटलं.

शास्त्रज्ञांची गोष्ट निराळी. उल्का बेसाल्टच्या खडकावर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं. वय एका पद्धतीनं काढलं तर ५२ हजार वर्षांच्या आसपास येतं, दुसरीनं पाच लाख ७० हजारांच्या. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली. पाणी खारं आणि अल्कधर्मी. जून २०२० मध्ये हेच पाणी एकाएकी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. पाणी आटून क्षार वाढले आणि मीठ मानवणारे सूक्ष्मजीव माजले, त्यांचा तो रंग, असं निघालं. टाळेबंदीचे दिवस होते, पण झेरॉक्सला माणसं यायचीच. अहवाल सगळ्यांनी मोबाइलवर वाचलेला असायचा, आणि तरी लवणासुराचं नाव निघाल्याशिवाय कुणी स्टुलावरून उठत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात सुखानं नांदतात. भयकथा लिहिणाऱ्याला याहून चांगलं गाव कुठे मिळणार?

मराठीत या प्रकाराला वाचक नाही असं म्हणायची सोय नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी ही दोन नावं घेतली की कुठल्याही वाचनालयातली बाई कोणत्या कपाटाकडे जायचं ते बोटानं दाखवते. धारपांची पुस्तकं आमच्याकडे शिवण उसवेपर्यंत फिरलेली असत, कित्येकदा शेवटची पानं गळालेली. भयकथेचं शेवटचं पान गहाळ असणं हा वेगळाच छळ. ‘तुंबाड’ सिनेमा २०१८ मध्ये आला तेव्हा त्यातला आजीचा भाग बघून जुन्या वाचकांनी ओळखलं, ही धारपांची ‘आजी’. आणि ती ‘आजी’ स्टीफन किंगच्या एका कथेवर बेतलेली. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी पुण्यामार्गे कोकणातल्या वाड्यात येऊन बसली. तोच किंग शाळकरी वयात भावाच्या घरगुती यंत्रावर एका भयपटाची गोष्ट छापून शाळेत पाव डॉलरला एक याप्रमाणे विकत होता. बाईंनी पैसे परत करायला लावले. स्वतः छापून विकण्याची परंपरा या प्रकारात अशी थेट वरून आलेली आहे. एडगर ॲलन पोची तऱ्हा तर त्याहून वाईट. त्याचा कथासंग्रह १८४० साली फिलाडेल्फियाच्या प्रकाशकानं ७५० प्रतींत काढला. नफा प्रकाशकाकडे, पोला फक्त काही प्रती फुकट.

मी प्रकाशकांकडे गेले नव्हते असं नाही. एकानं कळवलं की नवीन लेखकाच्या कथासंग्रहाला उठाव नसतो, कादंबरी असेल तर बघू. दुसऱ्यानं आनंदानं होकार दिला, सोबत अंदाजपत्रक जोडलं आणि दोनशे प्रती लेखिकेनं विकत घ्याव्यात अशी अट घातली. दरपत्रक बनवणं हा माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे त्यातली कुठली ओळ कशाला फुगवली आहे ते मला बसल्या जागी दिसत होतं. पैसे माझेच जाणार असतील तर कागद मी निवडीन, असं ठरवलं.

एक वाट मात्र नवीन लिहिणाऱ्यानं आधी बघावी. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. हस्तलिखित पाठवायचं, मंडळाला पसंत पडलं तर पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला अनुदान मिळतं. ते फक्त पहिल्या पुस्तकाला. स्वतः पुस्तक काढलं की ते दार बंद होतं, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

स्वतः पुस्तक काढण्यात छपाई हा सोपा भाग आहे. अवघड आहे ते ‘नाही’ म्हणणारं माणूस मिळणं. प्रकाशकाकडे संपादक असतो, मुद्रितशोधक असतो, विक्रीवाला असतो आणि प्रत्येक जण काही ना काही नाकारतो. आपल्या घरी सगळे कौतुक करतात. म्हणून मी शाळेतल्या माझ्या मराठीच्या सरांना गाठलं. सर निवृत्तीनंतर मेहकरला असतात, कवी ना. घ. देशपांड्यांच्या गावात, आणि कवितेखेरीज कशाला साहित्य मानत नाहीत. भुताखेतांचं वाचणार नाही म्हणाले. मी म्हटलं, सर, फक्त शुद्धलेखन बघा. बाड परत आलं तेव्हा भयाण, भीषण, अक्राळविक्राळ, काळीज गोठवणारा ही सगळी विशेषणं लाल शाईनं आडवी केलेली होती. फोनवर म्हणाले, “अगं, घाबरायचं काम वाचकाचं. तू कशाला घाबरतेस?” संग्रहातली सगळ्यात छोटी गोष्ट त्या लाल शाईमुळे एका पानानं आणखी छोटी झाली आणि सुधारली.

आता अक्षरजुळणी. हे माझं क्षेत्र, तेव्हा जरा रेंगाळते. गोष्टी मी मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिल्या होत्या. छापखाने अजून बरेचदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर काम करतात. मजकूर एकातून दुसऱ्यात नेला की पहिली वेलांटी उडी मारून भलत्या अक्षरावर बसते, ‘दुसऱ्या’मधला र तुटतो, अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच खूण येते. त्यामुळे रूपांतरानंतर प्रत्येक ओळ डोळ्याखालून घालावीच लागते. घाईत छापलेल्या पुस्तकांत ‘स्त्री’चं जोडाक्षर फुटलेलं दिसतं ते यामुळेच. हडळ समोर उभी आहे आणि अक्षरांचे तुकडे पडलेत, अशा वेळी वाचक घाबरत नाही, हसतो.

मग येतो फर्मा. ऑफसेटवर पुस्तक सुटं पान सुटं पान असं छापत नाहीत. मोठ्या कागदाच्या एका अंगाला आठ पानं, दुसऱ्या अंगाला आठ, कागद घडी घालून कापला की सोळा पानांचा फर्मा तयार होतो. पुस्तक सोळाच्या पटीत बसलं तर पैसे कारणी लागतात. माझं पुस्तक मुखपृष्ठाच्या आतली नामावळ, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका धरून १६८ पानं भरलं, म्हणजे दहा फर्मे आणि वर आठ पानं. अकरावा फर्मा घ्यायचा तर आठ पानं कोरी जाणार, किंवा अर्ध्या फर्म्याचा वेगळा खर्च. छापखान्यातला माणूस सहज म्हणाला, “एखादी गोष्ट कमी करा ना.” घरी येऊन पाहिलं तर शाळेच्या बंद खोलीतल्या भुताची गोष्ट बरोबर आठ पानांची होती. सरांनी तिच्या समासात काहीच लिहिलं नव्हतं. बाकी प्रत्येक गोष्टीवर काही ना काही शेरा होता, हिच्यावर नाही. म्हणजे वाचताना त्यांना काहीच झालं नव्हतं. ती गेली. संपादकाचं उरलेलं काम कागदाच्या घडीनं केलं.

त्याहून मजेचा प्रकार पान उलटण्याचा. उघड्या पुस्तकात डावं पान सम क्रमांकाचं, उजवं विषम. वाचकाची नजर ओळीवर असली तरी समोरचं पान डोळ्याच्या कोपऱ्यात असतंच. गोष्टीचा शेवटचा फटका उजव्या पानाच्या तळाशी आला तर डावं पान वाचतानाच तो अर्धा दिसून जातो. तो यायला हवा पान उलटल्यावर, म्हणजे डाव्या पानाच्या माथ्यावर.

माझी ‘गोड बाजू’ नावाची गोष्ट घ्या. सरोवराच्या काठी कमळजा देवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. तिचं पाणी एका बाजूला गोड, दुसऱ्या बाजूला खारं, असं सांगतात. गोष्टीत एक सून रोज दिवेलागणीला सासूसाठी गोड बाजूनं घागर भरते. दोर ओला, हात गार, वरून सासूच्या बांगड्यांचा आवाज. सासू वरून काही बोलत नाही आणि सुनेलाही त्याचं काही वाटत नाही, कारण त्या घरात असंच चालायचं. अडीच पानं एवढंच चालतं. शेवटच्या ओळीत सासू शेजारणीला सांगते की सून गेली त्या दिवसापासून या बाजूचंही पाणी खारट लागतं. ही एक ओळ पान उलटल्यावरच यायला हवी होती. त्यासाठी आधीच्या मजकुरात कुठे परिच्छेद तोडला, कुठे दोन संवादांत जागा सोडली, एका ठिकाणी शेळीचा उल्लेख वाढवला. पानाच्या माथ्यावर एकटी ओळ लोंबकळत ठेवू नये असा जुळणीचा नियम आहे. छापखान्यातून फोन आला, “ताई, शेवटच्या पानावर एकच ओळ राहिलीय, वर ओढून घेऊ का?” जीव खाऊन नाही म्हणाले. अख्खं पान कोरं, वर एक ओळ. कागदाचा तेवढाच अपव्यय मी मुद्दाम केला.

ई-पुस्तकात हे चालत नाही. तिथे वाचक अक्षर लहान-मोठं करतो, पानं त्याप्रमाणे सरकतात, फटका कुठे येईल ते आपल्या हातात राहत नाही. किंडलवर मराठी पुस्तक स्वतः चढवता येतं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर डिजिटल पुस्तक फक्त किंडलवरच ठेवायचं, नाहीतर ३५ टक्के. मी अजून चढवलेलं नाही, कारण तीन गोष्टींचे शेवट त्यासाठी नव्यानं लिहावे लागतील.

मुखपृष्ठावर फार बोलत नाही. लाल डोळ्यांची, मोकळ्या केसांची बाई मला तीन चित्रकारांनी पाठवली. तिघांची बाई जवळपास एकच. शेवटी विहिरीच्या काठावर दोरानं पडलेल्या घळीचा फोटो घेतला, जाड आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर बोटांचे ठसे उठतात.

एक प्रश्न मात्र मला कागद-शाईपेक्षा जास्त दिवस पुरला. ज्या राज्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, तिथे भुताच्या गोष्टी छापायच्या का? त्यांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात मारलं. त्याच आठवड्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. कायदा वाचला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, अमुक माणूस करणी करतो म्हणून त्याचं जगणं मुश्कील करणं, चमत्काराचा दावा करून लुबाडणं, असल्या गोष्टींना तो शिक्षा सांगतो. कथा-कादंबरीशी त्याचं भांडण नाही. पण कायद्यात बसतं म्हणून छापावं असंही नाही. स्टुलावर ऐकलेल्या गोष्टींपैकी पुष्कळशा कुणा तरी जिवंत बाईवर येऊन थांबत होत्या. अमक्या गल्लीतली, एकटी राहणारी, पोर दगावलेली. नाव बदललं तरी छोट्या गावात ती कोण हे सगळ्यांना कळतं, आणि पुस्तकात आलं म्हणजे खरंच असणार, असं समजणारे लोक आहेत. असल्या गोष्टी मी घेतल्या नाहीत. माझ्या पुस्तकात विहीर भयाण असू शकते, वाट चकवू शकते, मेलेला माणूस परत येऊ शकतो, घरातली माणसंच घात करू शकतात. पण एकटी म्हातारी चेटकीण निघत नाही. हा नियम घालून घेतल्यावर नेहमीचे सोपे शेवट हातातून गेले आणि मला दुसरे शोधावे लागले. सांगणाऱ्यांचीही नावं नाहीत. एकानं तर आधीच बजावलं होतं, “माह्यं नाव नका टाकू बरं, ते ऐकून घेईल.” ते म्हणजे कोण, हे विचारायचं धाडस मी केलं नाही.

लोककथा कुणाच्या मालकीची नसते, लवणासुर कुणीही वापरावा. लेखकानं लिहिलेली कथा मात्र त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षित असते. धारप २००८ मध्ये गेले, म्हणजे २०६८ संपेपर्यंत त्यांची कथा उचलून, नावं बदलून आपल्या संग्रहात घुसडता येणार नाही. हे सांगायचं कारण, टाइप करायला आलेल्या एका बाडात मला ते दिसलं होतं. आपल्या लेखनाचा हक्क लिहिल्या क्षणी आपला होतो, त्याची नोंदणी ऐच्छिक आहे.

आयएसबीएन क्रमांकासाठी पैसे मागणारे दलाल बरेच आहेत. तो फुकट मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखालच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा. लेखकाला स्वतःच्या नावानं करता येतो. तेरा आकडे मिळतात, सुरुवात ९७८ नं, पुढे भारताचा ८१ किंवा ९३. छापील आवृत्तीला एक, ई-पुस्तकाला वेगळा. पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवावी लागते, असा १९५४ चा कायदा आहे. न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत. दंडापेक्षा पोस्टाचा खर्च जास्त. तरी पाठवा. लोणारच्या विहिरीची गोष्ट कोलकात्याच्या कपाटात बसलेली मला आवडते.

पैशांचं गणित रोकडं आहे. ऑफसेटच्या प्लेटचा खर्च शंभर प्रतींना तेवढाच आणि हजारालाही तेवढाच, म्हणून जास्त छापल्या की एक प्रत स्वस्त पडते. मोह तिथेच होतो. हजार प्रती स्वस्तात पडल्या तरी त्या ठेवायला पलंगाखाली जागा लागते. पन्नास-शंभरच हव्या असतील तर डिजिटल छपाई बरी. मी पाचशे काढल्या. पुस्तकावर जीएसटी नाही, छापखान्याच्या बिलावर मात्र कर असतो. वितरक चाळीस ते पन्नास टक्के सूट घेतो. धरा, किंमत २५० आहे, तर हातात सव्वाशे-दीडशे येतात, त्यातूनच छपाई, गाडीभाडं आणि परत आलेल्या मळक्या प्रती. म्हणून किंमत छपाईखर्चाच्या तिप्पट तरी ठेवतात. थेट विकलेली प्रत हीच खरी कमाई.

थेट विक्रीला लोणार बरं आहे. विवर बघायला माणसं येतात, नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवर रामसर यादीत गेलं तेव्हापासून पक्षी बघणारेही. विवराच्या काठावरच्या एका चहावाल्याकडे प्रती ठेवल्या आहेत. पाहुणा खाली उतरण्याआधी पुस्तक चाळतो आणि वर आल्यावर विकत घेतो. गावातला वाचक वेगळा. तो विकत घेण्याआधी विचारतो, “हे खरं घडलं काय व ताई?” पुण्या-मुंबईच्या कुणी हे विचारलेलं नाही. ते शेवट कळला की नाही ते सांगतात.

सार्वजनिक वाचनालयांना सरकारी अनुदान असतं, वर्गाप्रमाणे कमी-जास्त, आणि त्यातून ती पुस्तकं घेतात. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य यादीत नाव लागलं तर मागणी वाढते, म्हणून तिथेही प्रत पाठवून ठेवली. जवळच्या तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या बाईंनी पाच प्रती घेतल्या आणि महिन्यानं फोन केला. मला वाटलं, तक्रार असेल. म्हणाल्या, पुस्तक चांगलं आहे पण पातळ आहे, लोक एका दिवसात परत आणतात आणि दुसरं मागतात, आमच्याकडे द्यायला काही उरत नाही, पुढचं जरा जाड काढा. दोन फर्मे वाढवते म्हटलं. शाळेच्या खोलीतलं ते भूत मात्र त्यातही घेणार नाही.